बुजवलेली भोकं

केरबा लोखंडे हवालदार मला पहिल्यांदा भेटले ते शिव्या देतच.

ब्याण्णव-त्र्याण्णव सालचा मे महिना असेल. सांगलीतल्या एका बर्फाच्या कारखान्यात मी तेव्हा कॉम्प्रेसरवर ऑपरेटर होतो. सकाळची पाळी नुकतीच हातात घेतली होती. तेवढ्यात गंजीफ्रॉक आणि खाकी पँट घातलेला, नाकाला ओला टॉवेल बांधलेला एक उंच, काटक माणूस दार ढकलून आत आला.

"आपरेटर कोन हाय हितला? का आपरेटर मेला आन् मशीन एकटंच चाललंय?"

"मी आहे. काय काम आहे?"

"काम? ह्या भिंतीपलीकडं माझी पोरं ऱ्हात्यात. चार दिस झालं, डोळं चोळत्यात. अमोनिया गळतोय तुझा. तुला वास येत न्हाई व्हय? का नाक घरी ठिऊन आलास?"

खरं तर मला वास येत नव्हता. अमोनियात दहा वर्षं काढलेल्या माणसाचं नाक मेलेलंच असतं. पण ते कबूल कोण करणार? मी म्हणालो, "सगळं नीट आहे. चालतंय."

हा शब्द मी उच्चारायला नको होता. पुढं कितीतरी जणांना या एका शब्दापायी त्यांच्याकडून बोलणी खाताना मी पाहिलं.

"चालतंय म्हंजी काय रं? चालतंय म्हंजी आजून बंद पडलं न्हाई, यवढंच. गंधकाची कांडी हाय का? आन हिकडं."

गळती शोधायला आम्ही गंधकाची कांडी पेटवतो. तिचा धूर अमोनियाला लागला की पांढराशुभ्र होतो. हवालदारांनी ती पेटवून एकेक जोड धरून फिरवली. कॉम्प्रेसरमागच्या मोठ्या व्हॉल्व्हपाशी धूर दुधासारखा पांढरा झाला. त्यांनी तिकडं नुसतं बोट दाखवलं. त्या बोटाचं पेर नव्हतं. शेजारच्या बोटाचंही नव्हतं. दोन्ही बोटं अर्ध्यावर संपलेली, टोकं गुळगुळीत. मी व्हॉल्व्हचं पॅकिंग बदलेपर्यंत ते कमरेवर हात ठेवून मागं उभे राहिले. मग नाकावरचा टॉवेल सोडून निघून गेले.

मला त्या माणसाचा मनस्वी राग आला होता. पुढची सहा-सात वर्षं तो राग कमी-जास्त होत राहिला, पण कधी पूर्ण गेला असं म्हणता येणार नाही. जीव लावला त्या माणसाला, तरीसुद्धा.

हवालदार मूळचे वडूजजवळच्या एका वाडीचे. फौजेत मेकॅनिक. बायको इंदूताई मिरजेकडच्या, म्हणून पोरांच्या शाळेसाठी बिऱ्हाड सांगलीत, आमच्या कारखान्यामागच्या बोळात. हवालदार वर्षातून एकदा दोन महिन्यांच्या रजेवर येत. ते आले की सबंध बोळाला कळायचं. सायकलीची चेन ढिली दिसली की मालकाला रस्त्यात थांबवून झाडायचे. खिशात कायम दहा-बाराचा पाना. एकदा आष्ट्याला एका लग्नाला गेलो होतो, तिथंही खिशात पाना. मांडवाच्या लोखंडी खांबांचे नट हातानं हलतात हे बघितलं आणि मंगलाष्टकं चालू असताना हा माणूस मांडववाल्यावर ओरडायला लागला. नवरीचा बाप हात जोडून म्हणाला, "आवं हवालदार, दोन मिन्टं दम धरा की." हवालदार म्हणाले, "मी धरतो. मांडव धरंल का?" आणि तांदूळ पडेपर्यंत सगळे नट आवळून मोकळे झाले.

मी इंदूताईंना एकदा विचारलं, घरीसुद्धा असेच का? त्या हसल्या. "घरात तोंड उघडत न्हाईत वो. सगळं भाईर सांडून येत्यात."

व्हॉल्व्हच्या त्या भांडणानंतर दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले. या खेपेला हातात घमेलं आणि कलथा.

"आपरेटर, तुझ्या त्या पाइपावर पांढरं हिम धरतंय, त्ये मला पायजे."

कॉम्प्रेसरकडं परतणाऱ्या गार पाइपांवर पहाटेपर्यंत बोटभर हिम साचतं. भुसभुशीत, कापसासारखं. आम्हाला त्याचा उपयोग नसतो.

"कशाला पाहिजे? लादी घ्या की, हवी तेवढी."

"लादी म्हंजी दगड. मला बरफ पायजे. वर पडतोय तसला. सबंध सांगलीत तसला बरफ फकस्त तुझ्या पाइपावर हाय."

मग त्यांनी सांगितलं. जागेचं नाव सांगितलं नाही, तेव्हा आणि पुढंही. उत्तरेला, पार वर, जिथं बारा महिने बर्फ, अशा ठिकाणी त्यांची नेमणूक होती. तिथं जीप चालत नाही. स्नो स्कूटर चालते. पुढं चाकांच्या जागी दोन घसरपट्ट्या, मागं खेचरासारखं ढकलणारा रबरी दातांचा रुंद पट्टा. तिच्यामागं गाडा जोडून रेशन, रॉकेल आणि आजारी माणूस न्यायचा. परदेशी मशीन.

"इंजन पान्यावर गार हुतंय. पन मोटारीवानी म्होरं रेडिएटरची जाळी न्हाई. बैठकीखाली बोगदा हाय, पट्टा त्यातनं फिरतो. बोगद्याच्या छताला पान्याची पट्टी, इंजनाचं पानी तिच्यातनं फिरतंय. पट्टा खालचा बरफ वर उडिवतो, त्यो पट्टीवर बसतो, पानी गार. हुशार मानसानं केलंय, न्हाई म्हनत न्हाई मी. पन त्येचं दोन वांदं हायेत."

घमेल्यातल्या हिमात त्यांनी बोटानं रेघ ओढली.

"एक. खाली कडक निळं बरफ आलं, काचंवानी, की पट्टा काय उडिवनार? कप्पाळ? पट्टी कोरडी, इंजन उकळायला लागतं. बघ की, नाकातलं पानी गोठतंय आन् इंजनाला वाफ. दोन. भुसभुशीत बरफ आलं की त्ये पट्टीवर वितळतंय, गाळ हुतंय, आन् गाडी थांबली की त्यो गाळ तितंच गोठतोय. पाय ठिवायच्या फळीवर बी तसाच. थरावर थर. पन्नास-साठ किलू वजन वाढतंय. मग पट्टा जाम. मग बस बोंबलत."

"मग कंपनीला कळवा की."

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी कलथा उचलून पाइपावरचं हिम खरवडायला लागलो.

हळूहळू बोटांची हकिकतही कळली. मागच्या हिवाळ्यात वरच्या ठाण्यावरून एका आजारी जवानाला खाली आणत होते. छातीत पाणी झालेलं. गाडी चालवत होता सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याकडचा एक तरुण शिपाई, विलास सपकाळ. हवालदार मागं गाड्यावर, आजाऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन. वाटेत पट्टा जाम झाला. हवालदारांनी हातमोजा काढला, कारण मोज्यानं बोगद्याच्या आत हात जात नव्हता, आणि स्क्रूड्रायव्हरनं बर्फ खरवडत राहिले. दोन तासांनी पट्टा सुटला. तोवर जवान गेला होता.

"बोटांचं काय न्हाई," ते म्हणाले. "बोटं माझी व्हती. त्यो न्हवता माझा. त्यो कुनाचातरी व्हता."

त्या रजेत त्यांनी आमच्या बर्फाच्या कोठीत संसार मांडला. बोगद्यासारखी वाकवलेली अल्युमिनियमच्या पत्र्याची कमान, तिच्यावर गरम पाण्याचा चपटा डबा, खाली सायकलचं चाक. चाकाला टायरच्या तुकड्यांचे दात. हातानं पेडल फिरवलं की ते दात घमेल्यातलं हिम वर कमानीवर फेकायचे. अर्धा तास फिरवायचं, मग अर्धा तास थांबायचं, मग कमान उतरवून वाण्याच्या तराजूत तोलायची. किती बर्फ धरला ते वहीत लिहायचं. एकदा नुसता पत्रा, एकदा रंग दिलेला, एकदा मेण घासलेला, एकदा प्लॅस्टिकच्या पिंपाचा गुळगुळीत तुकडा आतून लावलेला. बाहेर सांगलीत मे महिन्याचं ऊन, आणि हा माणूस स्वेटर घालून कोठीत चाक फिरवतोय. लादी ओढणारे हमाल हसायचे. हवालदार ओरडले की पळायचे.

कारखान्याचे शेठ एकदा डोकावले. सगळं बघून घेतलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "लोखंडे म्हणजे कुठले? वडूजकडं दोन-तीन तऱ्हेचे लोखंडे आहेत म्हणतात."

हवालदारांनी पेडल थांबवलं नाही. "छप्पन्न साली आमच्या आज्यानं आन् बानं दीक्षा घेतली, त्यातलं. आजून काय पायजे? बरफाला बी इचारून घ्या शेठ, कुठल्या हातानं खरवडलेलं चालंल त्ये."

शेठ गेले. मी खाली बघत राहिलो. शेठसमोर बोलायची माझी टाप नव्हती, आणि हवालदारांना ते दिसलं होतं. ते मला म्हणाले, "तू कशाला मान खाली घातलीस रं? तुला न्हाई इचारलं." 

रजा संपेपर्यंत त्यांचं ठरलं होतं. बोगद्याच्या कडांना, पाण्याची पट्टी सोडून, प्लॅस्टिकचं अस्तर. पाय ठेवायच्या फळ्यांना दोन्ही बाजूंना बावीस-बावीस भोकं, रुपयाएवढी, म्हणजे बर्फ साचायच्या आत खाली गळून पडेल. कडक बर्फासाठी मागं लोंबणाऱ्या स्प्रिंगच्या दोन सळ्या. गाडी पळताना त्या बर्फ खरवडतील आणि तो चुरा पट्टा वर उडवेल. आणि त्यातूनही इंजिन तापलंच तर पुढच्या टपाखाली जीपच्या हीटरची छोटी जाळी. सळ्या त्यांनी साताऱ्याला एका स्प्रिंगवाल्याकडून करून घेतल्या. मी बरोबर होतो. स्प्रिंगवाला म्हणाला, "अशी तार टिकंल का न्हाई सांगता येत न्हाई, पन चालंल." मग काय झालं ते सांगायला नको. सळ्या तीनदा नव्यानं झाल्या. जाळी तिथल्याच भंगारवाल्याकडं मिळाली. दोन्ही वस्तू बिछान्याच्या वळकटीत बांधून हवालदार गेले.

हिवाळ्यात त्यांचं एक कार्ड आलं. चारच ओळी होत्या. 'गाडी क्रमांक तीनला सर्व बसवले. आमचे साहेब हो म्हणाले. दोन महिन्यात एकदाही जाम नाही. सपकाळ तुला नमस्कार सांगतो.' सपकाळनं मला कधी पाहिलं नव्हतं, पण त्याच्या गाडीचा बर्फ माझ्या पाइपावर तोलला गेलाय हे हवालदारांनी त्याला सांगितलं असणार. ते कार्ड मी पाळीवरच्या सगळ्यांना दाखवलं.

पुढच्या मेमध्ये हवालदार आले तेव्हा बोळात आवाज झाला नाही. तिसऱ्या दिवशी मीच घरी गेलो. ते खाटेवर भिंतीकडं तोंड करून बसले होते.

"काय झालं?"

"बुजिवली."

"काय बुजवली?"

"भोकं! कानात काय बोळं घातल्यात? चव्वेचाळीस भोकं, माझ्याच हातानं बुजिवली!" आणि मग त्यांचा बांध फुटला. एवढं मोठ्यानं की इंदूताईंनी पोरांना बाहेर पाठवलं.

जुने साहेब बदलून गेले होते. नवे आले. तपासणीत त्यांनी गाडी क्रमांक तीन पाहिली. फळ्यांना भोकं, टपाखाली भंगारातली जाळी, मागं लोंबणाऱ्या सळ्या. हे कोणाच्या परवानगीनं? जुन्या साहेबांची परवानगी तोंडी होती. कागद नव्हता. हवालदारांनी वही पुढं केली. कमान, तराजू, सांगली, सगळं लिहिलेली. साहेबांनी ती उघडलीसुद्धा नाही. सरकारी मालमत्तेचं नुकसान, असं लिहून चौकशी लागली. नायब सुभेदारीची वेळ आली होती, ती गेली. ते एक वेळ सोसलं असतं. पण हुकूम असा, की ज्यानं केलं त्यानंच पूर्ववत करावं. हवालदारांनी एकेका भोकावर पत्र्याची टिकली ठेवून रिव्हेट ठोकले. अस्तर फाडलं. सळ्या आणि जाळी काढून भांडारात जमा केली, आणि जमा केल्याच्या पावतीवर सही केली.

"मी म्हनलं साब, गाडी जाम हुईल. त्ये म्हनाले, बाकीच्या गाड्या बगैर छेद के चल रही हैं ना? चल रही हैं! आयला, चालतंय! चालतंय!" त्यांनी खाटेच्या माच्यावर मूठ आपटली. "म्या न्हाई म्हनायला पायजे व्हतं. म्हनायचं, मला कोठडीत टाका, पन ह्यो हात भोकं बुजिवनार न्हाई. पन त्ये म्हनलोच न्हाई. सांगलीत यवढा आरडतोय, मांडववाल्यावर, सायकलवाल्यावर. तितं व्हय साब म्हनलो आन् हातोडा उचलला."

त्या दिवशी मला कळलं की हा माणूस इतकी वर्षं ज्याच्यावर ओरडतो आहे तो सायकलवाला नव्हे.

त्यानंतरच्या हिवाळ्यात गाडी क्रमांक तीन पुन्हा जाम झाली. सपकाळ एकटा होता, रॉकेल पोचवून परत येत होता. वायरलेसवर त्यानं कळवलं आणि मग चालायला लागला, कारण वारं सुटलं होतं आणि थांबणं म्हणजे मरणच. बुटात गाळ शिरलेला. हवालदार खालच्या तळावर होते. ते आणखी दोघा जवानांना घेऊन वर निघाले आणि सपकाळला पाठुंगळी घेऊन खाली आले. सपकाळ वाचला. दोन्ही पाय घोट्याच्या वर कापावे लागले. तेवीस वर्षांचा होता.

हवालदारांनी कागद घातले आणि पेन्शन घेऊन घरी आले. आले ते थेट कारखान्यात.

"रविवारी सुट्टी हाय न्हवं तुला? खंडाळ्याला चल माझ्याबरोबर. येकट्यानं जायाला हुत न्हाई."

आम्ही एस.टी.नं गेलो. खंडाळ्यापासून आत दोन मैलांवर सपकाळांची वस्ती. दारात बाभळीच्या सावलीत बाज टाकलेली, त्यावर विलास बसला होता. गुडघ्यांवर गोधडी. हवालदारांना बघून त्यानं बसल्या जागी कडक सलाम ठोकला आणि मग हसला. हवालदारांना हसता आलं नाही. त्यांनी पिशवीतनं आणलेले सांगलीचे पेढे त्याच्या हातात दिले.

विलासचे वडील आण्णा खळ्यातून आले. साठीचे, ठेंगणे, डोक्याला मुंडासं. मला वाटलं रामराम होईल. त्यांनी हवालदारांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुमीच का त्ये मिस्त्री? ह्याच्या गाडीचं?"

"व्हय."

"मग गाडी बंद का पडली?"

हवालदार रिकाम्या पिशवीची घडी घालत राहिले.

"मी अडानी मानूस हाय. मला यवढंच सांगा. गाडी नीट ठिवायचं काम कुनाचं व्हतं?"

"माजं."

"मग माज्या पोराचं पाय कुनी नेलं?"

विलास म्हणाला, "आण्णा, आवं बरफ हाय त्यो. तितं कुनाचं काय चालत न्हाई. हवालदारांनीच तर मला पाठीवर आनलं." पण विलासला आतली गोष्ट माहीत नव्हती. भोकं बुजवली तेव्हा तो रजेवर होता. परत आला तेव्हा त्याला सांगितलं गेलं होतं की वरून नवा नमुना ठरलाय.

माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं. वही, तराजू, चौकशी, चव्वेचाळीस रिव्हेट. मी "आण्णा, ऐका" एवढं म्हणालो आणि हवालदारांनी माझा गुडघा असा दाबला की मला कळ आली. मग ते आण्णांना म्हणाले, "तुमचं खरं हाय. काम माजं व्हतं." आणि मान खाली घालून बसले. आण्णा बोलत राहिले. फार बोलले. बापानं बोलावं तसंच बोलले. मांडवात, रस्त्यात, कारखान्यात कुणाला एक शब्द पुरा करू न देणारा माणूस तासभर ऐकत राहिला.

परतीच्या वाटेवर ओरडलो तो मी. दोन मैल ओरडलो. "तुम्ही का नाही सांगितलंत? ज्यानं हुकूम दिला तो मजेत आहे, आणि तुम्ही त्या म्हाताऱ्याच्या शिव्या खाताय! कसला शहाणपणा आहे हा?" हवालदार पुढं चालत राहिले. एस.टी.त बसल्यावर फक्त म्हणाले, "तू हुतास म्हनून बरं झालं."

मला तो अन्याय सहन झाला नाही. आज प्रामाणिकपणे सांगायचं तर त्यात माझी खुमखुमीही होती. शेठसमोर मान खाली घातली होती, ती कुठंतरी वर काढायची होती. आठवडाभरानं मी आण्णांना आंतरदेशीय पत्र लिहिलं. सगळं लिहिलं. लोखंडे हवालदारांनी भोकं पाडली होती, साहेबांनी बुजवायला लावली, भोकं असती तर गाडी जाम झाली नसती, तुमच्या मुलाचे पाय शाबूत राहिले असते. खाली सही केली आणि पेटीत टाकलं. त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

महिन्याभरानं हवालदार कारखान्यात आले. दार ढकललं नाही, हळू उघडलं. हातात मी आण्णांना लिहिलेलं पत्र होतं; ते खंडाळ्याला जाऊन आले होते.

"तुला कुनी सांगितलं हुतं?"

"खरं ते लिहिलं मी."

"खरं!" ते ओरडले. कॉम्प्रेसरच्या आवाजावरून ऐकू गेलं, हमाल थांबले. "खरं काय मला ठावं न्हवतं? त्या पोराला काय वाटत हुतं? बरफानं पाय नेलं. बरफावर राग धरून कोन बसतंय? चार म्हैन्यांत त्यो हसाय लागला हुता, तू बघितलंस की रं डोळ्यानं! आता त्याला कळलं, की कुन्या एका मानसानं वही उघडली न्हाई म्हनून पाय गेलं. आन् दुसऱ्यानं हातोडा खाली ठिवला न्हाई म्हनून गेलं. आता त्यो जेवत न्हाई. भिंतीकडं बघत बसतोय. बापाशी बोलत न्हाई. ह्यो राग मला पुरा पडला हुता, आपरेटर. माज्या येकट्याला पुरा पडला हुता. त्याला कशाला वाटून दिलास?"

मी म्हणालो, "त्याला कळायचा हक्क नाही का?"

"आसंल," ते म्हणाले. आवाज एकदम उतरला होता. "आसंल हक्क. पन त्यो हक्क त्याला द्यायचा का न्हाई, ते मला ठरवायचं हुतं. त्याला दोन पायांवर उभं ऱ्हाऊ दे, मग सांगीन, आसं ठरीवलं हुतं मी. लाकडाच्या पायांवर का हुईना."

पत्र त्यांनी माझ्या टेबलावर ठेवलं. त्यानंतर ते कारखान्यात आले नाहीत. पावसाळ्याआधी त्यांनी बिऱ्हाड साताऱ्याला हलवलं. इंदूताई निरोप घ्यायला आल्या, हवालदार टेम्पोत पुढं बसून राहिले.

त्यांच्याबद्दल एकदाच कळलं, तेही इंदूताईंच्या पत्रातून. हवालदारांच्या युनिटातल्या कुणीतरी कळवलं होतं की आता नव्या गाड्या आल्यात, परदेशातून, आणि त्यांच्या फळ्यांना कंपनीतूनच भोकं पाडलेली आहेत. मागं खरवडणाऱ्या सळ्यासुद्धा आहेत. म्हणजे कुणी हवालदारांची कल्पना चोरली नव्हती. तिकडं दूर बर्फाच्या मुलखात दुसऱ्या कुणाला तेच सुचलं होतं, आणि त्या माणसाची चौकशी झाली नव्हती. इंदूताईंनी लिहिलं होतं, 'हे ऐकलं आणि सायकल काढून कुठंतरी गेले, दिवेलागणीला आले.' ते वाचून ज्या साहेबांचं नावही मला माहीत नाही, त्यांना उद्देशून मी मनात जे जे म्हणालो ते इथं लिहिता येणार नाही. आणि त्यातलं निम्मं मला स्वतःलाही लागू होतं.

पुढं दोनेक वर्षांनी कारखान्याच्या कामासाठी पुण्याला चाललो होतो. एस.टी. खंडाळ्याला थांबली. खिडकीतून बघितलं तर स्टँडसमोर एका पत्र्याच्या टपरीपुढं अपंगांची तीनचाकी स्कूटर उभी. तिच्यावर विलास सपकाळ. मिशा ठेवल्या होत्या, अंग भरलं होतं. खाली रस्त्यावर गोणपाट टाकून केरबा हवालदार उताणे, स्कूटरच्या पोटाखाली शिरलेले. फक्त पाय आणि एक हात बाहेर.

विलास ओरडत होता. बसच्या इंजिनातून सगळे शब्द ऐकू येत नव्हते. पण चेहरा लाल झाला होता, हात हवेत उडत होता, मध्येच तो हँडलवर चापट मारत होता. "व्हय साब म्हनला तुमी!" एवढं ऐकू आलं. "व्हय साब!" येणारे-जाणारे वळून बघत होते. टपरीतला एक जण समजवायला पुढं झाला, त्यालाही विलासनं हातानं मागं सारलं.

मी उठलो. उतरावं, मध्ये पडावं, निदान एवढं सांगावं की ते पत्र लिहिणारा मी, ओरडायचं तर माझ्यावर ओरड. दारापर्यंत गेलोही. मग बघितलं, की हवालदार खालून काही बोलत नव्हते, आणि कामही थांबवत नव्हते. पान्याचा हात एका लयीत फिरत होता. विलास दम घ्यायला थांबला तेव्हा तो अर्ध्या बोटांचा हात बाहेर आला आणि उताणा राहिला.

विलासनं खाली वाकून शेजारच्या डब्यातला एक नट उचलला, त्या हातावर ठेवला, आणि पुन्हा ओरडायला लागला.

कंडक्टरनं घंटी दिली. मी जागेवर येऊन बसलो.